स्नोबोर्डची निगा: गुलमर्गच्या बर्फापासून घरातल्या पावसाळ्यापर्यंत

स्नोबोर्ड बर्फावर झिजतो त्यापेक्षा घरात पडून जास्त खराब होतो. जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग, औली किंवा सोलंगला आठ-दहा दिवस बोर्ड चालवून मुंबई, पुणे किंवा रत्नागिरीला परत आणला, की पुढचे दहा-अकरा महिने तो दमट हवेत असतो. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘थंड, कोरड्या तळघरात ठेवा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तळघर नाही आणि जून ते सप्टेंबर कोरडी हवाही नाही. म्हणून इथे राहणाऱ्याने दोन वेळा जपायच्या: सहलीची शेवटची संध्याकाळ आणि घरी पोहोचल्यानंतरचा पहिला आठवडा. ओला बोर्ड बॅगेत कोंबून विमानात चढवला आणि बॅग तशीच माळ्यावर टाकली, तर डिसेंबरमध्ये कडा तांबूस, बुटांना बुरशी आणि बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचे स्क्रू जाम झालेले मिळतात.

नेमकं काय सांभाळायचं आहे

बर्फावर घसरणारा खालचा पृष्ठभाग म्हणजे बेस. तो पॉलिथिलीनचा असतो. स्वस्त बोर्डात तो वितळवून ओढलेला असतो, त्याला एक्स्ट्रुडेड म्हणतात. महागड्या बोर्डात पॉलिथिलीनची भुकटी दाबून, तापवून केलेला सिंटर्ड बेस असतो. सिंटर्ड बेस वॅक्स जास्त शोषतो आणि वेगही जास्त देतो, पण वॅक्स नसेल तर त्याचा हा फायदा उरत नाही. बेसच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. बोर्डाच्या आत बहुधा लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लास, बाजूने प्लास्टिकची साइडवॉल आणि वरून टॉपशीट असतं. यातल्या पोलादाला आणि लाकडाला पाण्याचं वावडं आहे. पुढची बहुतेक कामं या दोघांसाठीच आहेत.

उतरल्यावर रोजची दहा मिनिटं

बर्फ झटकताना बोर्ड जमिनीवर आपटू नका. बाइंडिंगच्या खाली, त्याला बोर्डावर धरणाऱ्या गोल डिस्कच्या भोवती आणि पट्ट्यांच्या दातांत अडकलेला बर्फ मऊ ब्रशने काढा. उणे दहातून उबदार खोलीत बोर्ड आणला की दहा-पंधरा मिनिटांत त्याच्यावर दव धरतं. त्यामुळे दारात एकदा पुसून भागत नाही, अर्ध्या तासाने कडा पुन्हा कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात. गंज धरायला एक रात्र पुरते.

बुटांतून लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, आणि लायनरमधून इनसोल काढून दोन्ही वेगवेगळे वाळवा. गुलमर्गच्या हॉटेलांत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी, असते आणि तिच्याजवळ बूट ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. बुखारीपासून किमान एक-दीड मीटर लांब ठेवा. लायनरचा फोम उष्णतेने पायाचा आकार घेणारा असतो, तो नको तिथे आकसतो. सोलचा गोंदही सुटतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. मग गरम हवेची फारशी गरज पडत नाही.

वॅक्सिंग

कोरड्या, थंड बर्फाचे कण टोकदार असतात आणि ते बेस घासतात. जानेवारीत गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर, म्हणजे गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याच्या वर, सुमारे 3,950 मीटरवर हाच बर्फ असतो. मार्चमध्ये खाली, 2,650 मीटरवरच्या मैदानात दुपारी तो ओला, चिकट होतो. दोन्हींना वेगळं वॅक्स लागतं: थंडीला कडक, उन्हाळी बर्फाला मऊ. वर्षातून एकदा जाणाऱ्याला ‘ऑल टेम्परेचर’ हायड्रोकार्बन वॅक्स पुरतं. फ्लोरिन असलेलं जुनं वॅक्स कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून त्यावर स्पर्धांत बंदी घातली आहे आणि तापवल्यावर निघणारा त्याचा धूर आरोग्याला वाईट आहे.

वॅक्स कधी लावायचं, हे बेसकडे पाहून कळतं. कडेलगतचा काळा भाग राखाडी-पांढुरका आणि केसाळ दिसू लागला की उशीर होत आला आहे. थंड बर्फावर तीन-चार दिवसांनी एकदा लावलं तर ती वेळ येत नाही.

सामान थोडंच लागतं: इस्त्री, वॅक्स, 4-5 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची खरवडपट्टी, पितळी ब्रश, नायलॉन ब्रश आणि जुनं सुती कापड. वॅक्सची खास इस्त्री उत्तम, कारण तिचं तापमान फारसं खाली-वर होत नाही. जुनी कपड्यांची इस्त्री वापरायची असेल तर ती वाफेची, भोकांची नको. शिवाय ती पुन्हा कपड्यांना वापरता येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. इस्त्रीवरच्या एका ठिपक्याला जास्तीत जास्त 110 अंश आणि दोन ठिपक्यांना 150 अंश धरतात. आपल्याला लागतात साधारण 120 ते 130, तेव्हा बटण दोन्हींच्या मध्ये ठेवून सुरुवात करा. वॅक्सच्या वेष्टनावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. धूर निघाला की इस्त्री जास्त तापली. पॉलिथिलीन स्वतः 130-135 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे इथे चुकीला फार जागा नाही.

आधी बाइंडिंग काढा किंवा निदान त्यांचे स्क्रू सैल करा. आवळलेले स्क्रू आणि उष्णता एकत्र आली की स्क्रूच्या जागी बेसला खळगे पडतात. मग बोर्ड दोन स्टुलांवर पालथा ठेवा, खिडकी उघडा आणि पितळी ब्रश पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, एकाच दिशेने, दहा-बारा वेळा फिरवा.

बेस मळका असेल तर पहिला थर फक्त सफाईचा. मऊ वॅक्स लावायचं, ते कोमट असतानाच खरवडायचं. मळ त्याच्याबरोबर काळपट होऊन निघतो. बेस साफ करायला रॉकेल किंवा थिनर वापरू नका. ते मळाबरोबर आत मुरलेलं वॅक्सही ओढून काढतात आणि बेस कोरडा पडतो.

आता खरा थर. इस्त्री तिरपी धरून तिच्यावर वॅक्सची कांडी टेकवा. थेंब दोन-तीन सेंटिमीटर अंतराने पडू द्या, कडांजवळ थोडे जास्त. 155-160 सेंटिमीटरच्या बोर्डाला 15-20 ग्रॅम वॅक्स पुरतं. मग इस्त्री बेसवर टेकवून संथपणे टोकापासून टोकापर्यंत न्या आणि एका जागी क्षणभरही थांबवू नका. मागे राहिलेलं वॅक्स चार-पाच सेंटिमीटरपर्यंत ओलं, चकचकीत दिसलं की वेग बरोबर आहे. मधूनमधून खालून टॉपशीटला हात लावून पाहा. कोमट लागलं की तो भाग झाला. चटका बसत असेल तर ताबडतोब थांबा, कारण आतल्या थरांचं चिकटवण सुटू शकतं.

बोर्ड खोलीतल्या तापमानालाच निवू द्या, अर्धा ते एक तास. घाईने बाहेर बर्फात ठेवला तर वॅक्स नीट मुरण्याआधीच आकसतं. निवल्यावर आधी कडांवरचं वॅक्स पट्टीच्या खाचेने काढा, मग पट्टी 45 अंशांत धरून पुढून मागे खरवडा. पट्टी खाली काहीच काढेनाशी होईपर्यंत खरवडायचं. नवख्यांना वाटतं की थर जाड राहिला तर जास्त घसरेल, पण उलट होतं. चालतं ते बेसमध्ये मुरलेलं वॅक्स, वर राहिलेलं बर्फाला चिकटतं. शेवटी नायलॉन ब्रश मारा, की बेसच्या बारीक रेघा पुन्हा उघड्या होतात. बर्फ वितळून बेसखाली जी पाण्याची पातळ फिल्म तयार होते, तिला या रेघा वाट देतात.

मेणबत्ती चालेल का, असं बरेचजण विचारतात. मेणबत्तीचं पॅराफिन फार मऊ असतं आणि त्यात रंग, सुगंध, स्टिअरिनही मिसळलेलं असतं. शंभर-दीडशे रुपयांच्या बचतीसाठी बेसची ही परीक्षा घेऊ नये.

कडा

बहुतेक बोर्डांना बेसकडून 1 अंश आणि बाजूने 1 ते 2 अंशांचा उतार असतो. बेसकडचा उतार हात न लावलेलाच बरा. तो एकदा वाढला की कमी करायला सगळा बेस यंत्रावर घासून घ्यावा लागतो. घरी बाजूची कडच करायची.

खडकावर घासलेल्या कडेवर बोटाचं नख हलकेच आडवं फिरवा. नख जिथे अडकतं तिथे बारीक चुरा उठलेला असतो. खडकाच्या आघाताने तिथलं पोलाद इतकं कडक होतं की कानस त्यावरून नुसती सरकते आणि तिचेच दात जातात. म्हणून आधी पाण्याने ओली केलेली 200 ग्रिटची डायमंड पट्टी फिरवून तो चुरा काढा आणि मगच कानस हातात घ्या. कानस नेहमी कोनाच्या गाइडमध्ये बसवा. नुसत्या हाताने कोन टिकत नाही. कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढून एकदा कानस फिरवा. शाई पूर्ण रुंदीभर गेली तर कोन जुळला, फक्त वर किंवा खाली गेली तर गाइडचा कोन बदला. कानस दातांच्या दिशेने एकाच बाजूला ओढायची, मागे-पुढे करायची नाही. चार-पाच वेळा पुरे. नंतर 400 आणि 600 ग्रिटची पट्टी फिरवली की कड गुळगुळीत होते.

बोर्ड सपाट बर्फावर जिथून टोकाकडे वर उचलला जातो, त्या बिंदूच्या पुढची धार रबरी गमी स्टोनने किंचित बोथट करा. ती तीक्ष्ण राहिली तर वळण सुरू करताना कड अचानक पकडते आणि माणूस तोंडावर आपटतो. काम संपल्यावर लोखंडी भुकटी ओल्या फडक्याने टिपा आणि कडा लगेच कोरड्या करा.

खरचटे आणि उघडा गाभा

जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गला बराच काळ बर्फच पडला नव्हता. अशा वर्षी पातळ थराखाली दगड असतात आणि बेसवर चरे पडतातच. नखाला जेमतेम लागणारे चरे सोडून द्या, वॅक्स त्यांना पुरतं. खोल चरा, ज्यात अजूनही फक्त काळं प्लास्टिक दिसतं, तो पी-टेक्सच्या, म्हणजे बेससारख्याच पॉलिथिलीनच्या, कांडीने भरता येतो. चरा स्वच्छ करून त्याचे उभे राहिलेले धागे ब्लेडने कापा. कांडी पेटवली की पहिले थेंब काजळी मिसळलेले येतात. ते लोखंडी पट्टीवर पडू द्या. कांडी पट्टीजवळ धरून ज्योत बारीक आणि निळसर ठेवली की थेंब स्वच्छ पडतात. मग चऱ्यापासून सेंटिमीटरभर उंचीवरून ते चऱ्यात सोडा आणि थोडं जास्तच भरा. पूर्ण निवल्यावर धातूच्या पट्टीने सपाट करा. पेटती कांडी अंगावर टपकली तर त्वचेला चिकटून भाजते, म्हणून हातमोजे घाला.

चऱ्यात लाकूड किंवा फायबरग्लास दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी बोर्ड वापरणं थांबवा. पाणी आत गेलं, गोठलं आणि फुगलं की थर सुटायला लागतात. कडेला लागून असलेला खड्डाही घरी भरू नका, कारण साधं पी-टेक्स पोलादाला धरत नाही. हे काम दुकानाचं.

टॉपशीटचा कोपरा किंवा साइडवॉल उचकटली असेल तर दोन दिवस वाळवा, आत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. मग दोन भागांचं, हळू घट्ट होणारं इपॉक्सी सांगितलेल्या प्रमाणात मिसळून काडीने खोलवर भरा. पाच मिनिटांत सुकणारं नको, ते ठिसूळ राहतं आणि आतपर्यंत झिरपतही नाही. वर बेकिंग पेपर ठेवून शिकंज्याने दाबा आणि 24 तास हात लावू नका.

बाइंडिंग

स्क्रू सहसा 6 मिलिमीटर व्यासाचे आणि 16 मिलिमीटरच्या आसपास लांबीचे असतात. त्यांच्या डोक्याची खाच पोझिड्राइव्ह 3 नंबरची असते. घरातला साधा फिलिप्स पेचकस त्यात घसरतो आणि खाच गोल करून टाकतो, म्हणून योग्य पेचकस विकतच घ्या. स्क्रू किमान पाच-सहा पूर्ण आटे आत जायला हवा. जास्त लांब असेल तर त्याचं टोक खालून बेसला ढकलून उंचवटा करतं. चारही स्क्रू आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. पहिल्या उतरणीनंतर पुन्हा तपासा. आटे न सुटण्यासाठी थ्रेडलॉकर लावत असाल तर एक थेंबच, तोही प्लास्टिकच्या डिस्कला लागू न देता. काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

पट्ट्यांचे दात आणि त्या आवळणारं रॅचेट हा झिजणारा भाग आहे. सहलीला जाताना एक जादा पायाच्या बोटांची पट्टी, एक रॅचेट आणि चार स्क्रू बरोबर ठेवा. गुलमर्गच्या दुकानांत तुमच्याच कंपनीचा भाग मिळेल याची खात्री धरू नका.

शेवटची संध्याकाळ आणि पहिला आठवडा

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत उतरणं थांबवा, म्हणजे सामान सुकायला एक रात्र मिळते. शक्य असेल तर गुलमर्गच्याच दुकानात जाड वॅक्स मारून घ्या आणि ‘खरवडू नका’ असं स्पष्ट सांगा. प्रवासात कडांना तोच लेप पुरतो. तरीही थोडा ओलावा राहतोच, म्हणून घरी पोहोचताच बॅगेची चेन पूर्ण उघडा. सामान बाहेर काढायला ‘रविवारी बघू’ म्हणून चालत नाही. मुंबईच्या हवेत गंज धरायला तेवढे दिवस पुरेसे आहेत.

पहिल्या आठवड्यात बाइंडिंग काढा. त्याआधी दोन्ही पायांचे कोन आणि छिद्रांची जागा लिहून ठेवा, उदाहरणार्थ पुढचा +15, मागचा −9. स्क्रू आणि डिस्क एका पिशवीत घाला. बोर्ड पुसा. दुकानाचा लेप असला तरी कडा नीट तपासा. तांबूस ठिपके दिसले तर तेवढ्या भागावरचं वॅक्स काढून गमी स्टोनने घासा, कडा कोरड्या करा. मग साठवणीचा थर: 25-30 ग्रॅम मऊ वॅक्स, बेसवर आणि कडांच्या बाहेरपर्यंत येईल असं, न खरवडता. कडेचा चकाकता भाग कुठेही उघडा दिसता कामा नये. तेलाने भागवू नका. शिवणयंत्राचं तेल गंज थांबवतं हे खरं, पण ते बेसवर पसरतं आणि पुढे वॅक्स नीट धरत नाही.

ठेवायचं कुठे? पत्र्याखालचा माळा नको: मे महिन्यात तिथे वॅक्स वितळून गळतं आणि गोंद मऊ पडतो. गाडीची डिकीही नको. पावसाच्या माऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ऑगस्टपर्यंत ओल धरते. सर्वांत बरी जागा म्हणजे आतल्या खोलीतल्या पलंगाखाली, जिथे हवा खेळते. बोर्ड बेस वर करून, जुन्या सुती चादरीवर आडवा ठेवा आणि त्याच्यावर काहीही रचू नका. दोन बोर्ड एकमेकांना आवळून बांधले तर कॅम्बरचा कमानदार भाग महिनोन्महिने दाबला जातो. उभाच ठेवायचा असेल तर फरशीवर थेट नको, खाली लाकडी पाट घाला.

प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करणं धोक्याचं: आत राहिलेला ओलावा तिथेच कोंडतो. सुती चादरीत गुंडाळून बॅगेत ठेवा, चेन चार बोटं उघडी ठेवा. बुटांसाठी झाकणाचा डबा चालतो, पण तो पूर्ण सुकल्यावर आणि आत 200-250 ग्रॅम सिलिका जेल ठेवूनच. रंग बदलणारे खडे घ्या. केशरी खडे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतात. एकदा जुलैच्या मध्यात आणि एकदा गणपतीआधीच्या साफसफाईत सगळं उघडून पाहा. लायनर दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा, कडांवर बोट फिरवा, वॅक्स सुटलेल्या जागी पुन्हा थोडं लावा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना पहिल्या पावसाळी ट्रेकला बुटाचा सोल सुटून पडण्याचा अनुभव नवा नाही. सोलमधलं पॉलियुरेथेन ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, मग बूट वापरला असो वा कपाटात पडलेला. स्नोबोर्डच्या बुटांतही हे होऊ शकतं. बूट लेस हलकी ओढून, आकार धरेल इतपत बंद करून ठेवा. पूर्ण उघडे ठेवले तर जीभ वाकडी होते.

बाकीचं सामान

हेल्मेटच्या आतला पांढरा थर थर्माकोलच्याच जातीचा, पॉलिस्टायरीनचा असतो. त्याच्याजवळ डांबर गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने हा फोम खराब होतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. गॉगलची आतली बाजू कधीही घासू नका. धुकं न धरणारा लेप तिथेच असतो. पाण्याचे थेंब मऊ कापडाने नुसते टिपा.

जॅकेट-पँट 30 अंशांवर, अशा कपड्यांसाठीच्या द्रव साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याने पाणी झटकण्याचा गुण जातो. सुकल्यावर मंद ड्रायरमध्ये वीस मिनिटं फिरवलं की तो बराचसा परत येतो. घडी घालून दाबून न ठेवता हँगरला लावा.

अफरवतच्या आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांकडे हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधण्यासाठी संकेत पाठवणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर असतो. त्याच्या बॅटऱ्या परतल्याच्या दिवशी काढा. अल्कलाइन बॅटरी दमट हवेत गळते, संपर्काच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पुटं चढतात आणि यंत्र चालू झालं तरी त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही. हंगामाला नव्या बॅटऱ्या घाला, कंपनीने सांगितलेल्याच प्रकारच्या, आणि जाण्यापूर्वी जोडीदाराच्या यंत्राबरोबर पाठवणं आणि शोधणं दोन्ही तपासा.

डिसेंबरमध्ये

निघण्याच्या दोन आठवडे आधी बोर्ड बाहेर काढा, म्हणजे एखादा भाग मागवायला वेळ राहतो. साठवणीचं वॅक्स खोलीच्या तापमानाला खरवडा, ब्रश मारा आणि कडा मोकळ्या करा. बाइंडिंग लिहून ठेवलेल्या कोनांवर बसवा. पट्ट्या हाताने वाकवून पाहा, पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिक ठिसूळ झालं आहे, बदला. बूट घालून घरातच अर्धा तास वावरा आणि टाचेवर भार देऊन सोल दाबून पाहा. मग बेसला बर्फाच्या तापमानानुसार ताजं वॅक्स लावा. विमानाच्या बॅगेत कडांभोवती जॅकेट गुंडाळा, म्हणजे बॅग फाटत नाही आणि कडाही सुरक्षित राहतात. इस्त्री, कानस आणि पेचकस चेक-इन सामानात जाऊ द्या, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत ते अडतील.